एका ठशात कितीजण

हौकिनिएमी, ८ डिसेंबर १९९६

ताउनो,

फोन करणार होते. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते पटलं नाही की तू फोन ठेवून देतोस. जन्मभर कानाशी करवतीचं मशीन घरघरवल्यावर दुसरं काय होणार. पत्राचं बरं असतं. ते मधेच ठेवून दिलंस तरी टेबलावर पडून राहतं, आणि साइमीसारखी बायको ते तुला पुन्हा वाचायला लावते.

तर आज रविवार, शाळेचं स्वयंपाकघर बंद, म्हणून उजेड होता तोवर दलदलीच्या कडेने चालून आले. लाकडाच्या कोठारामागून लिंक्सचा, त्या मोठ्या रानमांजराचा, माग गेला आहे. गोल ठसे, नखांच्या खुणा नाहीत, सरळ एका रेषेत. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. प्रत्येक ठशात दोन आकार आहेत. एक मोठा, कडा खाली बसलेला. त्याच्या आत एक लहान, स्वच्छ. आई पुढे आणि पिल्लू मागे, आईच्याच पावलात पाऊल टाकत. खोल बर्फात तेच सोपं पडतं.

तुमच्या शिकारी मंडळाला यंदा एका लिंक्सचा परवाना मिळालाय हे मला दुकानात कळलं. पिल्लांबरोबरची मादी मारायची नाही हा कायदा मी तुला सांगायला नको, तू शिकारप्रमुख आहेस. तुझ्या माणसांना सांग, तळ्याच्या या बाजूला येऊ नका. एवढंच मागणं आहे.

इर्मेली

* * *

लेहतोवारा, १५ डिसेंबर

इर्मेली,

काल तुझ्याकडे येऊन ठसे पाहिले. एक आहे.

तू लहानपणापासून एकाचे तीन करतेस. क्लाउडबेरी वेचायला गेलो होतो तेव्हा तुला अस्वल दिसलं होतं. बाबा बंदूक घेऊन पळत आले, आणि ते मुळासकट पडलेलं झाड निघालं. बाबा महिनाभर त्या झाडाला गुड मॉर्निंग म्हणायचे.

आई आणि पिल्लं एका ओळीत चालतात, हे खरं. पण कायम नाही चालत. रस्ता आला, नाला आला, उडी मारायची वेळ आली की वेगळी होतात, मग जितकी असतील तितक्या जागी बर्फ खचतो. ती जागा मला दाखव. नुसतं ठशात ठसा म्हणून मी माझ्या माणसांना घरी बसवू शकत नाही. ती वर्षभर या एका दिवसाची वाट पाहतात.

साइमी विचारते, वेलचीचा पाव खाल्लास की पक्ष्यांना घातलास?

ताउनो

* * *

हौकिनिएमी, २२ डिसेंबर

ताउनो,

पाव खाल्ला. साइमीला सांग, पक्ष्यांनी खिडकीतून पाहिलं.

तू ठसे पाहिलेस म्हणतोस. कधी पाहिलेस? तू उभा होतास, दोन्ही हात खिशात. एकदाही वाकला नाहीस. मला विचारलंस, "तुला काय दिसतंय?" मी सांगितलं, दोन. तू म्हणालास, "एक," आणि गाडीकडे वळलास. मी कॉफी केली होती, ती मी एकटीने प्यायले. रागाने कॉफी चांगली लागत नाही.

मग मी ती जागा शोधायला लागले. सोमवारी शाळेतून येईस्तोवर अंधार झाला. मंगळवारीही तसाच. बुधवारी मुख्याध्यापिकेच्या हातापाया पडून लवकर निघाले, स्कीवर माग धरला आणि नाल्याच्या अगदी जवळ पोचले, तर शेजारच्या वेइक्कोने त्याची स्नोस्कूटर नेमकी त्या मागावरून नेलेली. का, विचारलं. म्हणे, तिथे बर्फ दाबलेला होता. लिंक्सने त्याच्यासाठी वाट करून ठेवली होती, असं त्याला वाटलं. गुरुवारी वारा. शुक्रवारी बर्फ. काल पाऊस, आणि डिसेंबरात पाऊस पाडणाऱ्याशी मला कधी बोलायला मिळालं तर मी तुलाही बरोबर नेईन.

तुला आठवतं का, शाळेत जाताना मी तुझ्या पावलांत पावलं टाकत चालायचे. एकदा आईने खिडकीतून पाहिलं तर अंगणातून एकच ओळ गेलेली. तिला वाटलं, तू मला मागे टाकून गेलास. संध्याकाळी तू आत शिरलास तसा तुझ्या कानाखाली एक बसली, आणि मी तुझ्या मागेच उभी होते. तू ठशात एकच पाहतोस तेव्हा मला आई आठवते. तिचीही खात्री अशीच असायची.

नाताळला येणार नाही. हॅम मोठा आणला असेल तर अर्धा गोठवून ठेव.

इर्मेली

* * *

लेहतोवारा, २ जानेवारी १९९७

इर्मेली,

थप्पड आठवते. तू तेव्हा एक शब्द बोलली नाहीस, तेही आठवतं.

माणसं थांबायला तयार नाहीत. रविवारी, बारा तारखेला, आम्ही तुझ्या बाजूच्या डोंगराला घेर घालणार. माग आत गेला आणि बाहेर आला नाही, तर जनावर आत आहे. एक आहे की जास्त ते सकाळी मी ठरवणार, कारण तो माझा अधिकार आहे.

तुला काही सापडलं तर त्याआधी कळव. आणि जाड पेनाने लिही. तुझं ते मुंगीच्या पायांचं अक्षर साइमीला लागत नाही.

ताउनो

* * *

हौकिनिएमी, ५ जानेवारी

ताउनो,

जाड पेनाने लिहिते आहे, शाळेच्या भाज्यांच्या पेट्यांवर लिहितात त्याने. वाच:

तीन.

आज नाल्यावर सापडलं. माग काठापर्यंत एका ओळीत येतो. मग उडी. पलीकडे तीन खड्डे आहेत, हातभर अंतरावर, प्रत्येकात चार पंजे. तीन खड्डे, ताउनो. तू म्हणालास जागा दाखव. ही जागा. आई आणि दोन पिल्लं.

मी तिथेच बर्फात बसून थोडी रडले. सापडलं म्हणून नाही. यावेळी माझं ऐकावं लागेल, म्हणून.

इर्मेली

* * *

हौकिनिएमी, १० जानेवारी

ताउनो,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही हे मला कळतंय. टपालगाडी दुपारी गेली, आणि तुझ्याकडे फोन लावला तो साइमीनेही उचलला नाही. बहुतेक तू तिला घेऊन शिकारीच्या झोपडीवर गेला आहेस. माझ्या गाडीची बॅटरी थंडीने मेली आहे, आणि वेइक्कोला सांगायचं तर उद्या सगळ्या गावाला कळेल. तरी लिहिते, कारण न लिहिता बसवत नाही.

आज पुन्हा नाल्यावर गेले. कडाक्याची थंडी पडल्यामुळे सगळं स्पष्ट झालंय. पहिल्या खड्ड्याला काचेसारखा बर्फाचा पापुद्रा आहे, म्हणजे तो पावसाआधीचा. दुसऱ्यात गोठलेल्या दवाचे काटे वाढलेत. तिसरा अजून मऊ आहे, बोट घातलं की कड पडते. ते खड्डे एका दिवसाचे नाहीत. एकच जनावर तीन वेळा तिथून गेलंय, आणि दर वेळी तीच उडी.

घरी येताना कोठारापाशी माझ्याच बुटाचा जुना ठसा दिसला. तो पावसात वितळून पसरला होता, तुझ्या बुटाएवढा झाला होता. त्यात मी आजचं पाऊल ठेवलं, तर मोठ्या ठशात लहान ठसा. आई आणि पिल्लू. ती मीच होते, तेव्हाची आणि आजची.

मला अजून नक्की नाही. पण पूर्वीइतकं नक्की नाही, एवढं नक्की आहे. रविवारी काय करायचं ते तू ठरव. माझ्यावर विसंबू नकोस.

इर्मेली

* * *

लेहतोवारा, १३ जानेवारी

इर्मेली,

काल काय झालं ते दुकानात तुला कळायच्या आत मीच सांगतो.

सकाळी सगळे जमले. घेर घातला, माग आत, बाहेर नाही. मग मला मागापाशी नेलं आणि विचारलं, किती. मी खाली पाहिलं. मला पांढरं दिसलं.

गेलं वर्षभर असंच आहे. ऊन असेल तर थोडं भागतं. ढगाळ असलं की बर्फात खड्डा आहे की उंचवटा ते कळत नाही. माझ्या स्कीची टोकं मला दिसत नाहीत. डोळ्यांत दुधासारखं काहीतरी आहे. डॉक्टर म्हणतात काढता येतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, साइमीलासुद्धा नाही. ती पत्रं वाचून दाखवते तेव्हा मी म्हणायचो, चष्मा गाडीत राहिला. तुझ्याकडे आलो तेव्हा मी "एक" म्हणालो, कारण "मला दिसत नाही" म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

तर सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "तीन. बंदुका गाडीत ठेवा." ओस्सी म्हणाला, मला तर एकच दिसतोय, कुठे आहेत तीन, दाखवा. मी म्हणालो, "माझ्या बहिणीने पाहिलेत."

आधी ओस्सी हसला, मग बाकीचे. म्हणे, तीच का, जिने झाडाला अस्वल केलं होतं? मी म्हणालो, तीच. आणि घेर मोडला. प्रमुखाचा शब्द आहे, मोडावाच लागतो. पण परत येताना गाडीत सगळे एकमेकांशीच बोलत होते.

न पाहता कुणाच्या शब्दावर उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. वाटलं होतं त्यापेक्षा बरं वाटलं.

मंगळवार. वरचं टपालात टाकायच्या आत तुझं पत्र आलं. साइमीने वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मी म्हणालो तू चुकीचं वाचतेयस.

आता नीट सांग. किती आहेत?

ताउनो

* * *

हौकिनिएमी, १९ जानेवारी

ताउनो,

वर्षभर. आणि मी तुला लिहीत होते, वाकला नाहीस, पाहिलं नाहीस. मला कळायला हवं होतं. तू शाळेत असताना उंदराची पावलंसुद्धा ओळखायचास. पण तू सांगायला हवं होतंस, आणि याबद्दलचा राग मी मागे घेणार नाही.

आता आकडा. हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि चुलीत घातलं. तुला दिसत नाही, तळ्याच्या या बाजूला दुसरं कुणी बघायला येत नाही. मी "तीन" लिहिलं तर फेब्रुवारीअखेर मोसम संपेपर्यंत कुणी बंदूक उचलणार नाही, आणि तू माणसांसमोर खोटा पडणार नाहीस. मी "एक" लिहिलं तर दोन्ही उलट. हे लिहिणं किती सोपं आहे, फक्त एक आकडा. मला याचाच जास्त राग येतो.

काल नवा बर्फ पडल्यावर मी सकाळी माग धरला तो दुपारपर्यंत. रस्त्याच्या उंच कडेवरून त्याने खाली उडी मारली आहे. एकच खड्डा. नाल्यावर एकच. कुंपणाखालून एकच. ठशात ठसा कुठेच नाही. मोठा आहे, नर असावा. तो एकटा आहे.

मी त्याला दीड महिना आई समजत होते. घरातल्या रिकाम्या खोल्या बघून मला तीनच बरे वाटत होते, असं काहीतरी असेल. त्यात त्याचा दोष नाही.

एक.

इर्मेली

* * *

लेहतोवारा, २८ जानेवारी

इर्मेली,

तुझं पत्र मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवायला लावलं. ओस्सीच वाचत होता, सगळ्यात खणखणीत आवाज त्याचा आहे. चुलीत घातलेल्या पत्रांपर्यंत सगळे हसत होते. मग थांबले. रिकाम्या खोल्यांचं वाक्य तो मनात वाचून पुढे गेला, हे मला कागद हलला त्यावरून कळलं. साइमीने मला ते नंतर वाचून दाखवलं.

मी डोळ्यांचंही सांगून टाकलं आणि प्रमुखपद सोडतो म्हणालो. ते म्हणाले, मोसम संपू दे.

तर रविवारी, नऊ तारखेला, पुन्हा घेर. मी गाडीपाशी असेन. घेर कोण फिरणार यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी मी म्हणालो, इर्मेली. कुणी नको म्हटलं नाही.

काम असं. माग डोंगरात शिरतो तिथून सुरुवात करायची, स्कीवर डोंगराला पूर्ण वळसा घालायचा, आणि तो कुठे बाहेर आलाय का ते बघायचं. ओढ्याच्या पलीकडे दुसऱ्या मंडळाचं जंगल आहे. तिकडे गेला असेल तर आमचा परवाना चालत नाही, मग कॉफी पिऊन घरी. आत असेल तर माणसं जागा घेतील.

तू जे सांगशील ते मी मानेन. मागे जाऊन बघायला कुणाला पाठवणार नाही.

ताउनो

* * *

हौकिनिएमी, २ फेब्रुवारी

ताउनो,

येते.

पण तू काय केलंस ते तुला कळतंय का? मी त्या जनावराच्या मागे थंडीत फिरले ते त्याला वाचवायला. आता तो मरणार की जगणार ते माझ्याच तोंडून बाहेर पडणार, आणि वर तू म्हणतोस, मी मानेन. सगळा जन्म तू माझं ऐकलं नाहीस म्हणून मी चिडत आले. आता ऐकतोस, आणि मला खोटं बोलायची सोय उरली नाही.

की उरली आहे, आणि तीच तू देतो आहेस? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी शाळेतल्या मुलांना लापशी वाढते. मला डावपेच कळत नाहीत.

गाडीची नवी बॅटरी आणली.

इर्मेली

* * *

लेहतोवारा, ११ फेब्रुवारी

इर्मेली,

तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहावं ते कळलं नाही. आता त्याची गरज उरली नाही.

परवा तू घेर पुरा करून आलीस. गाल लाल झाले असणार, मला फक्त तुझी गडद आकृती दिसत होती. मी विचारलं, "आत?" तू म्हणालीस, "बाहेर. ओढ्यापलीकडे." मी माणसांना म्हणालो, बंदुका गाडीत. ओस्सीने थर्मास उघडला. कुणी एक शब्द विचारला नाही. ओस्सीने तर तुझ्या कपात साखर जास्त घातली, तो कुणाला साखर देत नाही.

मी फार बोलणारा माणूस नाही. पण तुला कळावं म्हणून साइमीला लिहायला सांगतोय: तू केलंस ते बरं केलंस. सगळ्यांना समजलं आणि कुणाला राग नाही. ओस्सी म्हणाला, इतक्या सरळ चेहऱ्याने तर माझी बायकोसुद्धा थाप मारू शकत नाही. तो नर त्या डोंगरात आहे, राहू दे. आम्हालाही वय झाल्यावर बंदुकीपेक्षा कॉफीच जास्त लागते.

डोळ्यांचं ऑपरेशन मार्चमध्ये. तू येशील का बरोबर? साइमीला इस्पितळाचा वास सहन होत नाही.

ताउनो

* * *

हौकिनिएमी, १६ फेब्रुवारी

ताउनो,

मार्चमध्ये येते. रजेचा अर्ज दिला आहे.

आता हे साइमीला मोठ्याने वाचायला सांग, आणि ओस्सी तिथे असेल तर त्यालाही बसव.

तो बाहेर गेला होता.

मी घेर फिरायला लागले. पूर्वेकडची बाजू झाली, माग नाही. वरची कड झाली, माग नाही. मनात म्हणत होते, आता आत आहे, आणि मी काय सांगणार. एका मोठ्या झाडाला टेकून उभी राहिले आणि दोन्ही उत्तरं मोठ्याने बोलून बघितली, कुठलं तोंडातून निघतं ते पाहायला. कुठलंच धड निघेना. मग अगदी शेवटी, ओढ्यापाशी, पडलेल्या खोडावरून त्याचा माग. खोडावरचा बर्फ चार ठिकाणी दबलेला, पलीकडे एक खड्डा, आणि तिथून सरळ दुसऱ्या जंगलात. ताजा होता. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली पडले. तो गुडघ्यांवरचा बर्फ तुम्हाला दिसला असेल, आणि काय वाटलं असेल कोण जाणे.

मी खरं सांगितलं, ताउनो. आयुष्यात एकदा सगळ्यांनी माझं ऐकलं, आणि सगळ्यांना वाटतं मी खोटं बोलले. दुकानात ओस्सीची बायको माझ्याकडे बघून डोळा मारते. वेइक्को म्हणाला, इर्मेली, तू तर आत्ता आमच्यातली झालीस. मी त्याला सांगितलं, तो बाहेर गेला होता. तो म्हणाला, "हो हो, गेलाच होता."

ती जागा मी तुला दाखवू शकले असते. पण सोमवारी बर्फ पडला, हातभर.

आणि आत असता तर मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. रात्री तेवढंच टोचतं.

पण तो बाहेर गेला होता. तू तरी मान.

इर्मेली